बोटांवरचा भार

मी दोन हंगाम पगारी खेळाडू होतो आणि त्या दोन हंगामांत चेंडूला माझा हात एकदाही लागला नाही. हे सांगितलं की लोक हळहळतात. हळहळण्यासारखं त्यात काही नाही, माझं कामच ते होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा एक क्वार्टरबॅक असतो आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं आडवी रांग धरून वाकलेली असतात. त्यांना लाइनमन म्हणतात. समोरून येणाऱ्याला अडवायचं, मागच्याला तीन-चार सेकंद मिळवून द्यायचे, पडलेल्यांना हात देऊन उठवायचं आणि पुन्हा वाकायचं. टाळ्या मागच्याला.

लहानपणी मला सगळे ‘खायला काळ भुईला भार’ म्हणायचे. आमचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. सगळे कसे सडपातळ, टेबलाशी बसून नोकरी करणारे. त्यात मी एकटाच एकशे वीस किलोंचा निघालो. या वजनाचा कोणी पगार देईल असं घरात कोणालाच वाटलं नव्हतं, खुद्द मलाही नाही. हौस म्हणून रविवारी खेळायचो. मग शहरात पगारी लीग निघाली, मला बोलावणं आलं आणि व्हाइटफील्डमधली नोकरी मी आठवड्याभरात सोडली. वय एकतीस. अक्कल यायचं वय होतं, पण ती आली नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बोम्मसंद्राच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांनी तीस वर्षं तपासनिसाचं काम केलं, यंत्रावरून उतरलेला एकेक सुटा भाग उजेडात धरून पास की नापास ते ठरवायचं. माझी नोकरी सुटल्याचं ऐकून त्यांनी कन्नडमध्ये फक्त “सरी”, म्हणजे ‘बरं’, म्हटलं आणि पेपर उचलला. आमच्या घरात याला भांडण म्हणतात. ते सहा महिने चाललं.

पहिले काही सामने बरे गेले. मग समोरचे खेळाडू जणू माझ्या मनातलं वाचायला लागले. चेंडू घेऊन पळायचा डाव असला की मी पुढे मुसंडी मारायचो, तर समोरचा आधीच पाय रोवून तयार. चेंडू फेकायचा डाव असला की मी मागे सरायचो, तर तो बाहेरून वळसा घालून पार. एका सामन्यात माझ्या बाजूने येऊन त्यांनी आमच्या क्वार्टरबॅकला तीनदा लोळवलं. तिसऱ्या वेळी तो लवकर उठला नाही. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, इतकी लाज वाटली. आणि नेमके त्याच सामन्याला अण्णा पहिल्यांदा आले होते. मैदानाला गॅलरी वगैरे नव्हती, दोरीपलीकडे उभं राहायचं.

प्रशिक्षकांनी व्हिडिओ चारदा बघितला. पण कॅमेराही प्रेक्षकांसारखाच चेंडूमागे पळतो, मी त्यात जेमतेम कोपऱ्यात. शेवटी ते म्हणाले, “एक मॅच और देखते हैं. फिर सोचेंगे.” पुढच्या हंगामाचे करार त्या एका सामन्यानंतर व्हायचे होते. ‘सोचेंगे’चा अर्थ कळण्याइतकी हिंदी मला येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मान खाली घालून इडल्या खात होतो. अण्णा समोर येऊन बसले.

“तू खाली वाकून एक हात जमिनीला टेकतोस बघ,” ते म्हणाले, “तो दरवेळी एकसारखा नसतो.”

“म्हणजे?”

“पुढे जायचं असलं की सगळा भार बोटांवर. बोटं पांढरी पडतात, कोपर ताठ. मागे सरायचं असलं की हात नुसता टेकलेला. मला दोरीपासून दिसतंय, तर तुझ्या समोरच्याला दिसत नाय, होय?”

मी मान वर केली. “अण्णा, तुम्हाला हा खेळ कळतो?”

“स्वल्पसुद्धा नाय. चेंडू कुठे जातो तेच कळेना मला. म्हणून मग तुझ्याकडेच बघत बसलो.”

मला भरून आलं. रागही आला, कारण इतके महिने घाम गाळून जे मला आणि प्रशिक्षकांना उमगलं नाही ते यांनी पहिल्याच खेपेला पकडलं होतं. नापास तर नापास, पण कारणासकट.

मग आठवडाभर संध्याकाळी गच्चीवर आमची शिकवणी. मी वाकायचो, अण्णा खुर्ची टाकून समोर बसायचे आणि मी हलायच्या आत सांगायचे, “पुढे.” “मागे.” “परत मागे.” पहिल्या दिवशी एकही चुकलं नाही. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या अक्कांना वाटलं, मला काहीतरी शिक्षा चालली आहे. शुक्रवारपर्यंत अण्णांना ओळखता येईनासं झालं. ते खूश झालेले मी त्या आठवड्यात पहिल्यांदा बघितले.

शेवटच्या सामन्यात मी हात अगदी एकसारखा ठेवला. समोरचा दरवेळी माझ्या बोटांकडे बघायचा आणि गोंधळायचा. सामना संपत आला तेव्हा मला खोडी सुचली. मी मुद्दाम बोटं पांढरी होईपर्यंत दाबली. दोरीपलीकडून आवाज आला, “अरे हात! हात बघ तुझा!” तोवर समोरचा फसून डोकं खाली घालून घुसला होता आणि मी दोन पावलं मागे सरून त्याला अलगद बाजूला लोटलं. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसत होतो.

सामना आम्ही हरलो. तरी प्रशिक्षकांनी खांद्यावर हात टाकून म्हटलं, “अगले सीज़न मिलते हैं.” मला तेवढंच हवं होतं. पुढच्या हंगामानंतर लीगच बंद पडली, ती गोष्ट वेगळी.

मी दोरीकडे गेलो तर अण्णा पाणी आणायला गेले होते. त्यांच्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ मला थांबवून हसत हसत सांगायला लागले. पुण्याचे, आयटीतले, ऑफिसातल्या मित्रासोबत आलेले. अण्णांचं ओरडणं मराठीत ऐकून त्यांनी विचारलं होतं, “काका, स्कोअर काय झालाय?”

अण्णांनी माझ्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं होतं, “ते मला ठाऊक नाय. आमचा पोरगा अजून एकदाही पडला नाय.”