नानांचं गाळलेलं तेल

"तेल मरत नही भाऊ, मळस. मळनं का गाळी लेवानं."

माझ्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून नाना हे सांगायचे आणि सगळ्यात भारीतला फिल्टर मागायचे. इंजिनाचं नवं तेल मात्र घेत नसत. अमळनेरच्या तेल मिलमध्ये त्यांचा जन्म गाळण खात्यात गेला. तिथून सुटल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि नरडाण्यापर्यंत प्रवासी नेऊ लागले.

इंजिनातलं काळं तेल नाना काढायचे, घरी दोन दिवस निवळत ठेवायचे, मलमलच्या दुहेरी कापडातून गाळायचे आणि परत इंजिनातच ओतायचे. वर नवाकोरा महागाचा फिल्टर. माझं स्पेअर पार्टचं दुकान. महागाचा माल खपला की मी खूश व्हायला हवं. पण नाना आले की माझं डोकं फिरायचं.

"नाना, चांगला फिल्टर घेता, पैसे वाया जात नाहीत. पण तो फक्त घाण अडवतो. तेलातला दम संपला की तो कुठून आणणार?"

"दम? तेल काय पहिलवान शे?"

बाकावरचे ड्रायव्हर हसायचे. मी गिऱ्हाइकाकडे वळायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याला समजावताना आपलाच घसा बसतो.

एकदा वैतागून मी तेलाचा डबा फुकट त्यांच्या जीपमध्ये ठेवला. नानांनी तो दुसऱ्या जीपवाल्याला देऊन टाकला आणि मला सांगायलाही आले, "त्याले नवं लागस. तो गाळस कोठे?"

मुलगा सुरतेला होता. या, या म्हणून सारखा मागे लागायचा. नानांचं उत्तर ठरलेलं, "गाडी चाली ऱ्हायनी तवलोंग मी कोनाकडेच जात नही." म्हणून तर माझा जीव तुटायचा. त्या जीपवर त्यांचं स्वतःचं घर उभं होतं आणि हा माणूस तिच्याच पोटात मेलेलं तेल ओतत होता.

मागच्या उन्हाळ्यात नरडाण्याच्या अलीकडे, भरल्या गाडीत इंजिन जाम झालं. जीप दोरी बांधून आणली. मिस्त्रीने खालचं चेंबर उघडलं, तर आत तेल नव्हतंच. डांबरासारखा गोळा होता. मिस्त्रीने नुसती मान हलवली. माझा तोल गेला.

"किती वर्षं सांगतोय, नाना! जुनं तेल टाकून द्यायला काय होत होतं?"

नाना त्या चिखलाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माले बी मिलवालास्नी जुना व्हयना म्हनीसन काढी टाकं. मी काय खराब व्हयेल व्हतू?"

मिस्त्रीने पान्हा खाली ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्यांना तेल समजावत होतो, आणि ते कशाबद्दल बोलत होते हे मला एकदाही कळलं नव्हतं. तरीही राग गेला नाही. हे आधी बोलायला काय झालं होतं?

जीप भंगारात गेली. मुलगा येऊन त्यांना सुरतेला घेऊन गेला.

मी अधूनमधून फोन करतो. सूनबाई उचलते. चांगली आहे बिचारी, त्यांचं सगळं वेळेवर करते.

"नाना काय करतात?" मी विचारतो.

"काही नाही," ती म्हणते. "बसलेत."