तुळशीचं स्टूल

गेल्या आठवड्यात माझी तीन वर्षांची नात गडू घेऊन बाल्कनीतल्या तुळशीच्या स्टुलावर चढलेली दिसली. चौथा मजला. ऊन मिळावं म्हणून तुळस कठड्याला चिकटून ठेवलेली. एरवी तिच्या डोक्याएवढा असणारा कठडा आता तिच्या कमरेशी आला होता. मी हाक मारली नाही, मागून जाऊन उचललं.

इतकी वर्षं तिथे रोज पाणी घालूनही ते स्टूल म्हणजे पायरी आहे हे मला दिसलं नव्हतं. आपण घर आपल्याच उंचीवरून बघतो.

तुळस आत घेतली. पण उद्या नात खुर्ची ओढेल, म्हणून लोखंडी जाळी बसवून घेतली.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, जाळीने एलेव्हेशन बिघडतं. सगळ्या बाल्कन्या सारख्या दिसायला हव्यात."

"खालून बघणाऱ्याला बिघडत असेल," मी म्हटलं. "आम्ही वर राहतो."

आज जाळी काढण्याची नोटीस आली. ती मी कपड्यांच्या चिमट्याने जाळीलाच लावली आहे. उत्तर हवं असेल तर त्यांनी वर यावं, नात चढली त्या स्टुलावर उभं राहावं आणि एकदा खाली बघावं.