मायच्या खोलीचे सांधे

मी जिप्सम बोर्डाचा मिस्त्री. राळेगावपासून महागावपर्यंत लोकायच्या घरी पार्टिशनं ठोकली, पण माझ्या मायले साठी उलटली तरी स्वतःची खोली नोती. पाहुणे आले की आधी तिची खाट उचलाची. एकदा म्हणे, "मले आतून कडी लावाचं एक दार पाह्यजे बाप्पा." बस, तेवढंच मागतलं तिनं.

यंदा मे महिन्यात हॉलच्या मधात पार्टिशन टाकलं. बोर्ड काय, कोणीही ठोकते. खरी परीक्षा सांध्याची. सांध्यावर टेप चिकटवाची, पुट्टीचा हात द्याचा, वाळला की घासाचा, पुन्हा हात. असे तीन. मंग बल्ब भिताडाले आडवा धरून पाहाचं, उंचवट्याची सावली पडते का. माझ्या सांध्याले सावली पडत नाही, याचा मले भारी माज.

उन्हाळ्यात मात्र भानगड राह्यते. गरम वारा लागला की पुट्टी तडकते, अन् कूलरची दमट हवा लागली की टेप फुगते. म्हणून खिडक्या बंद, कूलर बंद. लोकायले मी सांगतो, तीन दिवस दुसरीकडं झोपा. मायले कोठी पाठवू? सैपाकघरात खाट टाकून देली.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणे, "अवो, माय पाणी बी नाही पिऊन राह्यल्या. लावा ना कूलर."

मी खेकसलो, "एक हात राह्यला फक्त! मिस्त्रीच्याच घरचा सांधा फुगला तं लोक हासतीन."

"राहू दे वं," माय तिले म्हणे, "करू दे त्याले नीट. माही खोली आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा हात मारून राह्यलो होतो, तं बायको वरडली. माय बरळत होती, अंग नुसतं भाजत होतं. अॅटोत टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, "घरी कूलर नाही का?"

"आहे," म्हटलं. बायकोनं माझ्याकडं पाह्यलं बी नाही. संध्याकाळी माय गेली.

घरी आणून तिले नव्या खोलीत ठेवलं. पुट्टी ओलीच होती. मी कूलरमध्ये बादल्या ओतल्या अन् त्याचं तोंड तिच्याकडं करून फुल्ल लावला. शेजारचे काकाजी हळूच म्हणे, "आता कायले बाबू? तिले कुठं गरमी होते?"

मी बंद नाही केला. फुगो म्हटलं, साऱ्या खोलीची टेप फुगो.