दगडावरचा लाल रंग

तन्वीच्या डब्यात पराठा गुंडाळत होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असून टकटक करणारं ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीत एकच माणूस, वरच्या मजल्यावरच्या ओनोदेरा-सान. वय सत्तरीचं. उत्तरेकडच्या त्यांच्या गावात कुणाच्या दाराला बेल नसायचीच म्हणे. त्सुनामीनं ते गाव नेलं, नवऱ्यालाही नेलं. ते सापडलेच नाहीत. तेव्हापासून त्या इथल्या सरकारी घरात एकट्या राहतात आणि मला कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, शिकवतात.

हातात माझा स्टीलचा डबा, आत मुळ्याचं लोणचं. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे त्यांच्याकडेही आहेच.

"अभ्यास दाखवा, मैथिली-सान."

मी वही पुढे केली. 生. रेघा पाचच, पण कच्च्या अंड्याचं 'नामा' यानंच लिहायचं, जन्मण्याचं 'उमारेरु' यानंच आणि जगण्याचं 'इकिरु'ही.

"एकाला इतकी नावं? आमच्या विष्णूसारखंच झालं की!"

त्या हसल्या नाहीत. "माणसाच्या नावात ते आणखी वेगळं वाचतात. माझ्या नवऱ्याच्या नावात शेवटी हेच आहे. युकिओ. त्यातला 'ओ'."

मग चहा घेताना, उद्या पाऊस आहे म्हणावं तसं, त्यांनी सांगितलं. गावच्या टेकडीवर त्यांच्या घराण्याचा समाधीचा दगड आहे, तिथवर पाणी पोचलं नव्हतं. नवऱ्यानं हौसेनं दोघांचीही नावं त्यावर उभी, अक्षराखाली अक्षर अशी कोरून घेतली होती. जिवंत माणसाच्या नावात लाल रंग भरतात. माणूस गेलं की तो खरवडून काढायचा.

त्या दगडाचा फोटो मला त्यांनी मागे दाखवला होता. दोन्ही नावं लाल बघून मी म्हटलं होतं, "किती शुभ दिसतंय." त्यांनी नुसती मान हलवली होती.

"रविवारी कारागीर येणार आहे," त्या म्हणाल्या. "आज मुलाला सांगायचंय."

फोन वाजलाच. ऐकू कमी येतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"आई, काय ठरलं?"

"जेवलास का, ताकुया?"

"सकाळचे साडेसात वाजलेत, आई. विषय बदलू नकोस. पाच वर्षं झाली. दर वेळी 'बघू' म्हणतेस."

"म्हणते."

"मग? काढायचा रंग?"

तन्वी दारातून "इत्तेकिमास!" ओरडली, येते म्हणून. ओनोदेरा-साननी सवयीनं "इत्तेराश्शाई" म्हटलं, जाऊन ये. दार लागलं. चहावर साय आली होती, ती त्यांनी चमच्यानं बाजूला केली. माझी वही उघडीच होती.

"काढायला सांग," त्या म्हणाल्या. "वरच्या अक्षरातला."

"म्हणजे?"

"नाव दोन अक्षरांचं आहे ना."

"असं अर्धवट कुणी करत नाही, आई. लोक हसतील."

"कोण हसेल? राहिलंय कोण तिथे?"

त्यांनी माझ्या वहीतल्या 生 वर बोट ठेवलं.

"कारागिराला एवढंच सांग," त्या म्हणाल्या. "खालचं अक्षर लाल राहू दे."