दोन जागांची मोटार

मालकांच्या मोटारीत बसायच्या जागा दोनच होत्या, आणि माझी सगळी काळजी तिथूनच सुरू होते.

मी रत्नागिरीकडचा. चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. अकोल्यात एका लॉरीवर क्लीनर म्हणून लागलो, हळूहळू हँडल हाती आलं. तिथला एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची ती लांब नाकाची, बसकी, शर्यतीत पळवायची मोटार अकोल्याकडच्याच मालेगावच्या एका देशमुखांनी विकत घेतली. ती घरापर्यंत न्यायला माणूस हवा होता, म्हणून मला घेतलं. मोटार पोचली, मीही पोचलो. परत जा असं कोणी म्हणालं नाही, म्हणून राहिलो. गोठ्याशेजारची खोली मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, आणि घरापासून इतक्या लांब 'जेवला काय रे' म्हणून विचारणारं माणूस मिळालं. त्या घराचे उपकार मी आजही मानतो. पण ज्याला असं आयतं मिळतं, त्याच्या जिवाला एकच घोर असतो, की उद्या हे गेलं तर?

आणि ते जायची चिन्हं लवकरच दिसू लागली. मोटार अंगानं हलकी, चाकं तारेची. दोन बोटांनी हँडल फिरवलं की नाक वळायचं. मालक बघता बघता चालवायला शिकले. शिकवणारा मीच. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालायची आणि वर 'शाबास मालक, छान घाव बसला' म्हणायचं, असला तो प्रकार. मालक उजवीकडे, त्यांचा कोणी दोस्त डावीकडे, आणि ड्रायव्हर? ड्रायव्हर फाटकाशी उभा राहून धूळ खाणार.

मला वाचवलं मालकांच्या आसेगावच्या काकांनी. ते बाजाराला आपल्या रेंगीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतून आले. तिची चाकं चांगल्या मुरलेल्या बाभळीची, वर लोखंडी धाव चढवलेली. त्या मुलखात घराची पत बैलांवरून आणि चाकांवरून ओळखायची पद्धत. काकांनी आमच्या मोटारीला एक फेरी घातली, काठीचं टोक चाकाच्या तारांवरून फिरवून टिंग टिंग वाजवून पाहिलं, आणि भर बाजारात विचारलं, "काहून रे बाबू, मोटर घेतली आन् चाकं सायकलीची?"

बाजार हसला. मालक हसले नाहीत. मोटार थेट मिस्त्रीच्या भट्टीपुढे जाऊन उभी राहिली.

मिस्त्री म्हणजे गावातला मुसलमान लोहार. नांगराच्या फाळापासून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातल्या यंत्रापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जायचं, आणि कुठल्याही गोष्टीला तो नाही म्हणायचा नाही. त्याचं म्हणणं, चाक वजनदार तर गाडी वजनदार, आणि गाडी वजनदार तर मालक वजनदार. त्यानं एका मोडक्या लॉरीची लोखंडी चाकं काढली, नवी भोकं पाडली, चिखलपत्रे ठोकून वर उचलले आणि ती चाकं आमच्या मोटारीला बसवली. एकेक चाक उचलायला दोन माणसं. मोटार आता सशाला म्हशीचे पाय लावल्यासारखी दिसत होती. गावाला मात्र ती पहिल्यांदाच मोटारीसारखी दिसली.

पहिली फेरी मालकांनीच मारली. निघताना इंजिन धापा टाकत निघालं. जातं सुरू करायला जोर लागतो ना, तसं. पण एकदा फिरायला लागलेलं जातं थांबायलाही तयार नसतं. जिनाजवळच्या वळणावर मालकांनी हँडल फिरवलं. पुढच्या चाकांनी जरा विचार केला आणि सरळच जायचं ठरवलं. मोटार कापसाच्या ढिगात शिरली. मालक मिशांना कापूस लागलेल्या अवस्थेत बाहेर आले, तेव्हा वजनकाट्यावरच्या म्हाताऱ्यानं अगदी शांतपणे विचारलं, "मालक, मोटरीतली सरकी काढाची हाय काय?"

त्या दिवसापासून डावी जागा मालकांची आणि उजवी माझी. लॉरीवर हात बसलेला असल्यामुळे मला ते जमायचं. वळण दिसलं की वळायला लागायचं, थांबायचं मनात आलं की लगेच ब्रेक दाबायचा. दंडात गोळे आले. एक बरं झालं, मोटार उंच झाल्यामुळे चाकोरीच्या मधला वरंबा तिच्या पोटाला घासेना. बाकी सगळा त्रासच. हलकं चाक खड्ड्यात उतरून वर येतं ते गाडीला कळतही नाही. जड चाक उडालं की गाडीला घेऊन उडतं, आणि मालकांना घेऊन गाडी. वेग दाखवणारा काटाही खोटं बोलू लागला. चाक मोठं झालं होतं, काटा बिचारा जुन्याच हिशेबानं चालत होता. मालक म्हणत, हळू चाललोय आपण, आणि बाजूच्या वावरातली माणसं सैरावैरा पळत. मी मात्र सुखात होतो. चाकं जितकी जड, तितकी माझी भाकर पक्की.

मग मालकीणबाई बाळंतपणाहून परत यायच्या झाल्या. जऊळक्याला रेल्वेतून उतरणार होत्या. बाळ-बाळंतीण मोटारीतूनच आणायची, असं मालकांच्या मनात. ओट्यावर गोष्ट निघाली. मोठ्या बाई, म्हणजे मालकांच्या आई, सुपातले गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "डायवर हाकलन, सून बाजूले बसन, आन् तू रे? तू मांगं टरंकेवर बसून येशीन काय?"

सुनेनं परक्या माणसाशेजारी बसून गावात यायचं हे जमणारं नव्हतं, आणि देशमुखांनी ट्रंकेवर बसायचं हे तर बोलायलाच नको. म्हणजे चालवायचं मालकांनीच. आणि मालकांनी चालवायचं तर तारेची चाकं हवीत. ती मिस्त्रीच्या अंगणात पडली होती, एकात कोंबडी अंड्यावर बसलेली. कोंबडी उठवली, चाकं धुतली. बसवली मीच. तान्हं लेकरू बसणार होतं, म्हणून प्रत्येक नट दोनदा आवळून पाहिला. आपली नोकरी आपण इतकी घट्ट आवळून काढतोय, हेही मनात येत होतंच.

मी सामानाच्या बैलगाडीबरोबर गेलो. परतताना मोटार आमच्या बाजूनं सुळकन् निघून गेली. घरी पोचल्यावर मालकीणबाई म्हणाल्या की काही त्रास झाला नाही. मी खोलीत जाऊन सदरे घडी घालून पेटीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी मालक एकटेच निघाले आणि लगेच परत आले. एकटं बसलं की सगळा भार उजवीकडे, डाव्या वळणावर डावं चाक जमिनीला टेकेना. बायको तर रोज वावरात येणार नाही. मिस्त्रीनं तोड काढली, माणसाच्या वजनाचं जवारीचं पोतं बाजूला ठेवा. ठेवलं. मालक आणि पोतं आसेगावच्या वाटेला लागले, आणि मी फाटकाशी उभा राहून त्या पोत्याकडे बघत राहिलो. पोत्याला पगार नाही, पोतं जेवत नाही, पोत्याला कोकणची आठवण येत नाही. त्याच्याशी मी कसा पुरा पडणार?

दुपारी मालक पायी आले. डोक्यावर तुरीची पानं. डाव्या वळणावर पोतं घसरून त्यांच्या हातावर आलं, हँडल फिरेना, आणि मोटार तुरीच्या वावरात जाऊन उभी राहिली. त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं, पेटी भरलेलीच आहे, बरं झालं.

"चाल, मोटर काढाची हाय," ते म्हणाले. "आन् उद्यापासून डावीकडं बसत जाय."

मी विचारलं, चालवायचं कोणी?

"चालवीन मी. पोतं वळनावर उलटं झुकते. मले सुलटं झुकनारा मानूस पाह्यजे."

तीच माझी नोकरी झाली. वळण डावीकडचं असलं की बुटक्या दारावरून अंग बाहेर टाकायचं, उजवीकडचं असलं की मालकांच्या खांद्याकडे कलायचं. पंक्चर काढायचं ते वेगळंच. पेटीतले सदरे पुन्हा खुंटीवर गेले.

भाताचा माणूस मी, ज्वारीची भाकर मला अर्धीच जायची. त्या संध्याकाळी मोठ्या बाई स्वतः वाढायला आल्या, ताटात आणखी एक भाकर ठेवली, वर लोण्याचा गोळा. मी नको म्हणत हात आडवा केला.

"खाय बाप्पा," त्या म्हणाल्या. "तू सुकला तं पोरगं माह्यं मोटरीसंगं वावरात जाईन."

पोट भरलं होतं. मी हात बाजूला घेतला आणि भाकर मोडली.