घाट चढून उरलेले सात

माझं बोलणं निम्मं करून ऐकायची आमच्या घरात रीत आहे. शेताच्या धुऱ्यावर दहा फुटांचा साप दिसला असं मी म्हटलं, की बायको पाच फुटांची धामण डोळ्यांपुढे आणते आणि भाजी चिरत राहते. लग्नाला हजार माणूस होतं म्हटलं, तर ती पाचशे धरते. या हिशोबाने आमचा संसार चाळीस वर्षं बरा चालला. मलाही त्याची सवय झाली आहे. ती निम्मं करणार हे माहीत असल्यामुळे मी आधीच दुप्पट सांगतो, म्हणजे शेवटी खरं तेच तिच्यापर्यंत पोचतं. याला लोक थापा म्हणतात. मी याला काळजी घेणं म्हणतो.

अशा घरात विजेवर चालणारी गाडी आली.

निवृत्तीनंतर गाडी घ्यायची हे ठरलेलंच होतं, पण विजेची घ्यायचं कारण वेगळं होतं. बायकोची मोठी बहीण जळगाव जामोदला असते. सगळे तिला बाई म्हणतात, मीही बाईच म्हणतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसं दोन प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. आमचं चिखली घाटावर, बाईचं गाव घाटाखाली. बाईला डिझेलचा वास सोसत नाही. एसटीचा तो धूर नाकात गेला की पहिल्या थांब्याच्या आत तिचं पोट ढवळायला लागतं. नऊ वर्षांपूर्वी ती एकदा आमच्याकडे यायला निघाली, तर जीप राजूर घाटात बंद पडली. बाई दुपारभर एका वळणावर दगडावर बसून ओकत होती. त्याच जागेवरून ती दुसऱ्या गाडीने परत खाली गेली आणि पुन्हा म्हणून घाट चढली नाही.

त्यानंतर आम्ही घर बांधलं. बायकोने एक खोली बाईसाठी म्हणून वेगळी ठेवली. खिडकी पूर्वेला, पलंग बुटका, कारण बाईचे गुडघे दुखतात. त्या पलंगावर सहा वर्षं फक्त आमच्या घड्या केलेल्या गोधड्या झोपल्या. बायको याबद्दल कधी बोलली नाही, पण दर दिवाळीला त्या खोलीचे पडदे मात्र धुवायची.

गाडी मी जालन्याहून आणली. तो रस्ता ताटासारखा सपाट. एकदा भरली की किती किलोमीटर जाईल, ते कागदावर लिहिलं होतं तीनशेच्या वर. पूर्ण भरली की समोरच्या स्क्रीनवर आकडा यायचा दोनशे पस्तीस. मी पारावर सांगितलं चारशे. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या घरात आता थापा मारणारे दोन झाले, आणि दुसऱ्याला चार चाकं आहेत.

फेब्रुवारी संपत आला होता. बायकोने फोनवर आठ दिवस बाईला घोळवलं. धूर नाही, वास नाही, आवाजसुद्धा नाही. शेवटी बाई तयार झाली, पण तिने एक अट घातली, आणि ती तिने मला फोनवर बोलावून ऐकवली.

"जवाईबुवा, मी येतो. पन वाटेत गाडी बंद पडली ना, त मी तिथूनच माघारी. मंग मले पुन्हा कधी बोलवायचं नाही."

मी म्हटलं, बाई, ही गाडी काशीला जाऊन परत येईल. फोन ठेवल्यावर बायकोने मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "बाकी काहीही सांगत जा. या एका गोष्टीत मले खरा आकडा सांगा."

मी हो म्हटलं. ते हो तिने निम्मं केलं असावं.

जाताना मात्र गाडीने माझी लाज राखली, नव्हे, मला चढवून ठेवलं. बुलढाणा ओलांडून राजूर घाट उतरायला लागलो, तर स्क्रीनवरचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. उतारावर ही गाडी चाकांच्या फिरण्यातून थोडी वीज परत घेते. खाली पोचेपर्यंत चार किलोमीटर जमा झाले होते. मी बायकोला म्हटलं, असे पन्नास घाट उतरले तर वीज मंडळालाच आपण वीज विकू. जळगाव जामोदच्या दारात गाडी उभी केली तेव्हा शंभराच्या आसपास रस्ता तुडवून आकड्यातले फक्त पंच्याहत्तर गेले होते. स्क्रीनवर अजून एकशेसाठ शिल्लक.

मी तिथेच गणित मांडलं. यायला पंच्याहत्तर, जायला पंच्याहत्तर.

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर जिल्ह्याचा उभा छेद काढून दाखवायचो: इकडे पठार, मधे ही पायरी, खाली पूर्णेचं खोरं. या पायरीसाठी चुकलेल्या मुलांचे मी पूर्ण मार्क कापलेले आहेत. आणि त्या दिवशी खाली उतरलेली गाडी परत वर चढवायची आहे, ही गोष्ट मला सुचली नाही. मी जिल्हा सपाट धरला.

बाईच्या मुलाने संध्याकाळी विचारलं, मावसा, पाण्याच्या मोटारीच्या बोर्डावरून वायर काढून देऊ का, रातभर लावून ठेवा. मी हसलो. त्याच्यासमोर गल्लीतली बारा-पंधरा माणसं उभी होती आणि मी नुकतंच त्यांना सांगून बसलो होतो की एकदा भरली की जाऊन-येऊन चिंता नाही. त्यात मग शेजाऱ्यांना सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणलं. चारचार जणांच्या चार खेपा, एसी लावून. एक आजोबा तर उतरायलाच तयार नव्हते. ते म्हणाले, आमच्या खोलीपेक्षा हे बरं. सकाळी आकडा होता एकशेदहा. शंभराच्या आतला रस्ता आणि एकशेदहा. मला भरपूर वाटले.

निघताना घाटाखालची रीत आडवी आली. तिकडे पाहुण्याच्या गाडीत हवा दिसली तर तो यजमानाचा अपमान असतो. तुरीच्या डाळीचा एक कट्टा, म्हणजे लहान पोतं, आला. संत्र्यांची दोन कॅरेट आली. ज्वारीचा कट्टा आला, त्याला मी नाही म्हटलं, तर तो मागच्या सीटवर बायकोच्या पायाशी आडवा झाला. मग बाई स्वतः वीस-वीस लिटरच्या पाण्याच्या दोन कॅन घेऊन बाहेर आली. घाटाखाली पाणी खारट, सगळा जिल्हा त्यांची त्यावरून कीव करतो. पण बाईचं म्हणणं उलटं होतं.

"तुमच्या वरच्या पान्याले चवच नाही. मले बाधते ते."

पुढच्या सीटवर बाई बसली, मळमळू नये म्हणून तोंडावर पदर, डोळे गच्च मिटलेले, दाढेखाली सुंठेचा तुकडा. मागे बायको, डाळ, ज्वारी आणि संत्री. स्क्रीन फक्त मला दिसत होती. थापा मारणाऱ्याला यापेक्षा चांगली बैठकव्यवस्था मिळत नाही.

नांदुऱ्यापर्यंत आकडा अठ्ठ्याहत्तरवर आला. पंचवीस किलोमीटर चाललो होतो आणि बत्तीस गेले होते. तिथे हायवेच्या कडेला गाड्या भरायची सोय आहे, ती बायकोलाही दिसली.

तिने विचारलं, किती राहिले. मी म्हटलं, शंभराच्या वर.

"म्हणजे पन्नास," ती हळूच म्हणाली, बाईला ऐकू जाणार नाही अशी. आणि मग, "भरून घ्यायची का इथं?"

मी नको म्हटलं. कारण लाजेचं होतं, दुसरं काही नाही. काल संध्याकाळी बारा-पंधरा माणसांपुढे जो मी होतो, तो मी अजून गाडीतून उतरला नव्हता.

नांदुऱ्यानंतर मी एसी कमी केला. मग बंद केला. मग ट्रकच्या मागे मागे बैलगाडीच्या गतीने चालवायला लागलो, आणि बायकोला सांगितलं की बाईला गचके बसू नयेत म्हणून. आकड्यावरून माझी नजर हटत नव्हती. लग्नात मुलीच्या बापाची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे असते, तशी. मोताळ्यात शिरलो तेव्हा एक्केचाळीस. घर पन्नास किलोमीटर, आणि समोर निळसर दिसत होती ती पायरी, जी मी एकतीस वर्षं खडूने काढली.

डोक्यात दोन माणसं बोलायला लागली. एक म्हणत होता, चल, बुलढाण्यापर्यंत जाईल, तिथे काहीतरी करू. दुसरा फक्त एवढंच म्हणत होता: कदाचित जाईल. त्या 'कदाचित'वर माझं सगळं आयुष्य चाललेलं आहे. पण मला ते घाटातलं वळण दिसत होतं, तो दगड, आणि त्यावर बसलेली बाई. आणि पूर्वेच्या खिडकीचे पडदे, जे बायकोने परवाच पुन्हा धुतले होते.

गावाबाहेर एका चहाच्या हॉटेलासमोर मी गाडी कडेला घेतली.

"किती आहेत?" बायकोने विचारलं. "खरं सांगा."

"एक्केचाळीस."

ती सवयीने म्हणाली, "म्हणजे वीस." मग तिने आरशात माझा चेहरा पाहिला. "खरंच एक्केचाळीस?"

"खरंच. घाट आहे समोर. घरापर्यंत जात नाही. नांदुऱ्याला भरायची होती, मी भरली नाही. जळगावलाही भरू शकत होतो."

इतकं सरळ वाक्य मी या आधी कधी बोललो होतो ते आठवत नाही. ही गाडी बंद असते तेव्हा आणि चालू असते तेव्हा सारखीच शांत असते, त्यामुळे बाईला काही कळणार नाही अशी मला आशा होती. बाईने तोंडावरचा पदर काढला. डोळे उघडले.

"बंद पडली?"

मी म्हटलं, नाही बाई, मी थांबवली. पुढे गेलो असतो तर पडली असती.

बाईने रस्ता पाहिला, हॉटेल पाहिलं, मग मला पाहिलं. सुंठेचा तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. मला वाटलं, आता ही मुलाला फोन लावायला सांगणार. बायकोने मागून सीटची कड घट्ट धरली होती, ते मला मानेजवळ जाणवत होतं.

"थांबवनं अलग, बंद पडनं अलग," बाई म्हणाली. मग मागे बहिणीकडे वळून, "उतर व, चहा घेऊ."

हॉटेलवाल्याच्या भट्टीमागे जाड पिनांचा एक बोर्ड होता. तो म्हणाला, लोक इथं मोबाइल लावतात, मोटरगाडी पहिल्यांदाच आली. त्याने फ्रीजचा प्लग काढून आम्हाला जागा करून दिली. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर आली, गाडीला लागली, आणि आकडा चढायला लागला. मुंगीने डोंगर चढावा तसा. मी दर दोन मिनिटांनी उठून बघत होतो, तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "मास्तर, बसा. सारखं झाकन काढून पाह्यलं त भात शिजत नाही."

मी मास्तर आहे हे त्याला कसं कळलं, कोण जाणे. आवाजावरून कळत असावं.

दोघी बहिणी कडुलिंबाखालच्या बाकावर बसल्या. मी थोडा लांब. नऊ वर्षांत त्या भेटल्या नव्हत्या असं नाही. बायको दरवर्षी खाली जायचीच. पण तिथे बाई यजमानीण असायची, सारखी चुलीपुढे. कोणाच्याच घरी नसलेल्या त्या दोघी मी पहिल्यांदाच पाहत होतो. संत्री सोलून एकमेकींच्या हातात देत होत्या. बायको तिला खोलीबद्दल सांगत होती. पलंग किती उंच, ते हात जमिनीवर धरून दाखवत होती.

दीड तासाने लाइन गेली. हॉटेलवाला म्हणाला, आता संध्याकाळीच. स्क्रीनवर अडुसष्ट.

मी बाईजवळ गेलो आणि आकडा सांगितला. सांगितलं की पोचू, पण ओझं कमी केलं तर नक्की पोचू. संत्र्यांचं एक कॅरेट हॉटेलवाल्याला दिलं, त्याने घेतलं. ज्वारी त्याने ठेवून घेतली, पुढच्या फेरीत न्या म्हणाला. मग बाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"हे पानी वता त्या झाडाले."

बायको म्हणाली, "बाई, तुले बाधते ना वरचं?"

"पाहू."

चाळीस लिटर पाणी मी कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं. त्याने नेमका किती फरक पडला हे भूगोलात येत नाही, विज्ञानाच्या मास्तरांना विचारायला हवं, आणि मी विचारलेलं नाही.

घाट आम्ही काचा उघड्या ठेवून चढलो. दर वळणाला दोन-दोन आकडे पडत होते आणि मी प्रत्येक आकडा मोठ्याने सांगत होतो, शाळेत हजेरी घ्यावी तसा. अठ्ठावन्न. छप्पन्न. त्रेपन्न. बायकोने एकही निम्मा केला नाही. एका वळणावर बाईने हात वर केला. मी ब्रेकवर पाय ठेवला. पण तिने फक्त बोट दाखवलं, तो दगड. तिने तो बराच वेळ मान वळवून पाहिला. मग म्हणाली की हा घाट एवढा हिरवा असतो, हे तिला माहीत नव्हतं. फेब्रुवारीत तो अजिबात हिरवा नसतो. पण आजवर डोळे मिटूनच प्रवास केलेल्या माणसाला कोण दुरुस्त करणार, आणि त्यातही मी?

चिखलीत घरासमोर गाडी उभी केली तेव्हा ऊन उतरलं होतं. स्क्रीनवर सात. शेजारी, पारावरचे दोघे-तिघे, सगळे जमले. कोणीतरी विचारलं, काय मास्तर, चारशेतले किती उरले?

मी म्हटलं, सात.

सगळे हसले. एकाने ताबडतोब हिशोब केला, म्हणजे साडेतीन. दुसरा म्हणाला, ढकलतच आणली असेल.

बायको बाईला हाताला धरून पायऱ्या चढवत होती. ती वळली नाही, पण थांबली.

"सातच होते," ती म्हणाली. "मी पाह्यले."

तिने पाहिले नव्हते. मागच्या सीटवरून ती स्क्रीन दिसतच नाही, आणि तिचा चष्मा पर्समध्ये होता. दोघी आत गेल्या. आतून बाईने पाणी मागितलं.