न विचारलेला प्रश्न

जिम ट्रेनरचं सर्टिफिकेट घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्यासमोर दोन कोर्स होते. एक सहा महिन्यांचा, शरीररचना, प्रथमोपचार आणि शेवटी लेखी परीक्षा असलेला. दुसऱ्यात शनिवारी जायचं आणि रविवारी संध्याकाळी सर्टिफिकेट घेऊनच यायचं. मी दुसरा निवडला. खामगावात कोण अभ्यासक्रम विचारतं, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी परीक्षेत नापास झालो तर लोक हसतील, याची भीती होती.

मोठ्या कोर्सच्या माहितीपत्रकात पहिलाच धडा होता, व्यायामाआधी माणसाला काय विचारायचं याचा. छातीत दुखतं का, चक्कर येते का, कुठली गोळी सुरू आहे का. तो मी वाचला होता. त्यामुळे मला ठाऊक नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

माझी जिम सुरू झाली आणि धाकट्या बहिणीचा नवरा सुलतानपूरहून आठ दिवस राहायला आला. बहीणही सोबत होती. जावई म्हणजे पोट सुटलेला, थट्टेखोर माणूस.

"काय साळेबुवा, हे पोट उतरते का तुमच्यानं?"

"या ना सकाळी, जवाईबुवा."

"पण लय दमवू नका बरं. तुमच्या बहिणीचे लय कामं बाकी हायेत माह्यावर."

इतरांना मी निदान वय तरी विचारायचो. त्यांना काहीच विचारलं नाही. आमच्याकडे जावयाला आणखी काय वाढू, हे विचारतात. दुखणंखुपणं विचारलं की त्याच्यात खोट काढल्यासारखं होतं.

चौथ्या दिवशी मी वजन वाढवलं. "श्वास रोखा, अजून दोन," म्हणालो. त्यांनी ऐकलं. मग हातातला दांडा सुटला आणि ते उजव्या अंगावर कलंडले.

मेंदूत रक्तस्राव झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. तीन वर्षांपासून त्यांना बीपीच्या गोळ्या सुरू होत्या. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. मी जिम बंद केली.

त्यानंतर मी स्वतःला एकच गोष्ट सांगत राहिलो. विचारलं असतं, तरी त्यांनी लपवलंच असतं. सासुरवाडीत कोणता जावई आपलं दुखणं सांगतो?

गेल्या महिन्यात मी सहा महिन्यांच्या कोर्सला नाव घातलं आणि ते सांगायला सुलतानपूरला गेलो. बहीण त्यांना दुधात कुस्करलेली भाकर भरवत होती.

"आता काऊन शिकतं?" कोर्सचं ऐकून तिनं विचारलं.

तेव्हा मी सगळं सांगितलं. माहितीपत्रक, तो धडा, माझी भीती. शेवटी म्हणालो, "पण त्यायनं मले सांगतलं नसतंच."

तिनं त्यांची हनुवटी पुसली. "सांगतलं असतं, दादा. पहिल्या दिवशी जिमले निघताना गोळ्यायची पट्टी खिशात टाकली होती त्यायनं. मी म्हटलं, हे कायले? तर म्हणे, दादा विचारतीनच ना, तवा दाखवतो. आपल्या तोंडानं सांगाले लाज वाटे त्यायले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डावा हात थोडा उचलला, तोंडातून अस्पष्ट आवाज निघाला. मला काही कळलं नाही.

"च्या घ्या म्हणतात तुले," बहीण म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.